ठराव सहावा, सर्वानुमते

६ नोव्हेंबर, गुरुवार
देवदिवाळी झाली एकदाची. गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर आज तेलच तेल आणि पणत्यांचा खच. दवाखान्यात जाताना दोनदा घसरता घसरता वाचले. हे म्हणाले, विश्वस्तबाई पडल्या तर न्यायचं कुठे? तुमच्या दवाखान्यात हाडांचा डॉक्टर फक्त मंगळवारी येतो.

रविवारी मंडळाची मीटिंग. पगार पुन्हा लांबलेत, आता दुसरा महिना. नर्सेस तोंडावर काही बोलत नाहीत, पण नमस्कार कमी झालेत. यात्रेला येणाऱ्या मराठी माणसांसाठी पणजोबांच्या पिढीने काढलेला हा पंचवीस खाटांचा धर्मार्थ दवाखाना. आताचे यात्रेकरू हॉटेलात उतरतात आणि आजारी पडले तर विमानाने घरी जातात. आपल्याकडे येतात ते गल्लीतले लोक, होड्या चालवणारे मल्लाह, विणकर, फुलवाले. आणि आम्ही सात मराठी विश्वस्त तीन महिन्यांतून एकदा जमून त्यांचं भलं करतो. उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय. चार वर्षं झाली, मीही त्याच उंटावर बसले आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
मीटिंग पाऊण तासात आटोपली. तात्यांनी शांतिमंत्र म्हटला, सेक्रेटरी विनायकरावांनी "परिस्थिती बिकट आहे, मार्ग काढावा लागेल" असं सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, निदान दर महिन्याला बसू या, जमाखर्चाचा एक कागद आधी घरी पाठवा. वि.रा. म्हणाले, बघू. मग चहा, चिवडा आणि इतिवृत्ताची वही.

ही वही वि.रा. घरूनच लिहून आणतात. अक्षर मोत्यासारखं. बोलणं व्हायच्या आधीच झालेलं बोलणं त्यात असतं. पहिली सही अध्यक्षांची, म्हणजे तात्यांची. मग वयाप्रमाणे वही फिरते. तात्यांची सही झाल्यावर वही उघडून वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. आमच्या वडिलांनी कधी वाचली नाही, मी कशी वाचणार? तात्यांनी मला आठवीत गणित शिकवलंय. पंचाऐंशी वर्षांचे आहेत, बावीस वर्षं अध्यक्ष.

माझा नंबर सहावा. डाव्या हातात चिवड्याची बशी, उजव्या हाताने सही. चिवड्यात खोबरं खवट होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी शीला सिस्टर घरी आली. बाळंतपणाच्या खोलीची मुख्य. एकोणीस वर्षं त्या पाच खाटा सांभाळतेय. बस म्हटलं तरी बसेना. म्हणाली, "मैडम, बंद ही करना था तो एक बार बता देतीं। आपने भी साइन किया है।"

मी म्हटलं, काय बंद? कसली सही?

एक जानेवारीपासून बाळंतपणाचा विभाग बंद. पहिला मजला पूर्ण रक्त-लघवी तपासणाऱ्या कुठल्याशा कंपनीला भाड्याने, नऊ वर्षांसाठी. ऑफिसात नोटीस लागली आहे. ठराव सहावा, सर्वानुमते.

ती गेली. कपडे वाळत घालायचे राहिले.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
वही पाहून आले. आहे. सहावा ठराव, चौदा ओळी, एकही खाडाखोड नाही. खाली माझी सही, ठसठशीत, पूर्ण नावाची.

चौतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरवर आलेल्या प्रत्येक म्हातारीला सांगत होते, आजी, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं चिडवतील. नाही चिडवलं. त्यामुळे जास्तच लागलं.

१७ नोव्हेंबर, सोम.
विनायकरावांकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, पण माणूस खोटं बोलत नाही. म्हणाले, कुंदाताई, पगार द्यायचे कुठून? कंपनी आगाऊ भाडं देतेय. त्या पाच खाटांवर गेल्या महिन्यात चार बाळंतपणं झाली, नर्सेस सहा. पाच खाटा वाचवायला वीस घालवायच्या का? तुम्ही बँकेतल्या, तुम्हीच सांगा.

मी विचारलं, मीटिंगमध्ये हे का नाही बोललात?

"वहीत लिहिलं होतं की. तात्यांनी वाचून सही केली. त्यांना पटलं नसतं तर त्यांनी केली असती का?"

घरी येऊन इतर विश्वस्तांना फोन लावले. सगळ्यांचं तेच, तात्यांची सही होती ना. भोसले घाटाकडच्या मंदाताई तेवढ्या म्हणाल्या, अगं बाई, बंद करतायत? मला वाटलं रंग देतायत. त्यांनीही न वाचताच केली होती. सातही जणांनी सही केली आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्या कुणीतरी वाचलं असेल.

२० नोव्हेंबर, गुरु.
सकाळी तात्यांकडे. ओसरीवर ऊन खात बसले होते, सून वसुधा पेपर वाचून दाखवत होती. मला बघून ती थांबली. तात्यांना मी आल्याचं चपलांवरून कळलं. म्हणाले, कुंदा, डावा पाय ओढतेस, तेल लाव.

सगळं सांगितलं. ठराव पुन्हा विचारात घ्या म्हटलं. ऐकून घेतलं. म्हणाले, भावनेवर दवाखाना चालत नाही. तो विभाग का बुडाला, कसा वर येईल, चार मुद्दे मांड. लिहून आण, वाचून सांगतो.

आठवीतही असंच. तोंडी उत्तर चालायचं नाही, वहीत मांडून दाखव. बरं वाटलं मला.

२५ नोव्हेंबर, मंगळ.
तीन दिवस त्या खोलीत जाऊन बसतेय. विश्वस्त असून आजवर तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

खोली लख्ख. शी.सि. भिंतीवरची पालसुद्धा ओळखते. विभाग का बुडाला हे तिने तीन वाक्यांत सांगितलं. बायकांची डॉक्टर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेली. तिच्या जागी कुणाला बोलावलंच नाही. जरा अडलेली बाई आली की तिला मोठ्या इस्पितळात पाठवावं लागतं, मग गल्लीतल्या बायकांनी यायचंच सोडलं. तिने तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर वि.रां.च्या मोत्यासारख्या अक्षरात "पुढील बैठकीत ठेवणे". दोन वर्षांत आठ बैठका झाल्या. आम्ही आठ वेळा चिवडा खाल्ला.

दुपारी एक मल्लाहीण आली होती, पहिलटकरीण, सासूबरोबर. तपासून घ्यायला. सासूने शी.सि.ला विचारलं, फाल्गुनात इथेच होईल ना? शी.सि. माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागली. मला तिथे उभं राहवेना.

२८ नोव्हेंबर, शुक्र.
पलीकडच्या मोहल्ल्यात डॉ. सक्सेनाबाई राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त, बायकांच्याच डॉक्टर. शी.सि.ने पत्ता दिला. गेले. मटार सोलत होत्या, मलाही सोलायला बसवलं. बोलावलं तर याल का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "दो साल से खाली बैठी हूँ। आपके यहाँ से किसी ने पूछा ही नहीं।"

हे वाक्य जसंच्या तसं कागदावर घालणार आहे.

३० नोव्हेंबर, रवि.
कागद तयार. चार मुद्दे, दोन पानं. पहिला, विभाग सहा महिने चालू ठेवावा. दुसरा, मंडळाने डॉक्टर न शोधून चूक केली हे वहीत नोंदवावं. तिसरा, सक्सेनाबाईंना बोलवावं. चौथा, मजला नऊ वर्षं न देता मागच्या दोन खोल्या वर्षभरासाठी द्याव्यात, म्हणजे पगारही सुटतील.

संध्याकाळी तात्यांना नेऊन दिला. कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला, चांगली पाच मिनिटं. पान उलटलं, दुसरंही बघितलं. मी श्वास रोखून बसलेली, निकालाच्या दिवशी बसायचे तशी. म्हणाले, "मुद्देसूद लिहिलंस. फक्त दुसऱ्या मुद्द्यावर जरा मवाळ हो. माणसं दुखावतील." कागद परत दिला.

वाटेत हवेतच चालत होते. थंडीतला तो दुधाच्या गोड फेसाचा मलइयो विकणारा दिसला, दोन कुल्हड घेतले, एक ह्यांच्यासाठी.

घरी येऊन पिशवी उघडली तर माझा कागद आतच, निळ्या फायलीत. तात्यांना जे दिलं होतं ते ह्यांच्या कमरेच्या व्यायामाचं पत्रक. तेही दोन पानी, तेही मुद्देवार. दुसरा मुद्दा, पाठीवर झोपून उजवा गुडघा छातीशी घ्यावा.

मलइयो तसाच विरघळला.

१ डिसेंबर, सोम.
कुणालाच सांगितलं नाही. दिवसभर आठवत राहिलं. चपलांवरून ओळखणं. वसुधाने पेपर वाचणं, आम्ही म्हणायचो, काय गुणी सून आहे. मीटिंगमध्ये वहीत सही करायच्या जागी वि.रा. नेहमी पट्टी ठेवतात, तात्या पट्टीला अंगठा लावतात आणि सही करतात. मला वाटायचं, मास्तरी शिस्त.

म्हणजे तात्यांना दिसत नाही, आणि आम्ही सगळे त्यांच्या वाचण्यावर विसंबून सह्या करतोय. दवाखान्याचा एकेक निर्णय असाच झाला असणार. किती वर्षं, देव जाणे.

वि.रां.ना माहीत असेल का? माहीत असून वहीत घातलं असेल तर... पुढे लिहवत नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलंच. म्हणाले, सोपं आहे तुझं. सगळ्यांना सांग, ठराव पडेल. मी म्हटलं, आणि तात्या? हे म्हणाले, तात्याही पडतील.

४ डिसेंबर, गुरु. दत्तजयंती
देवळात वसुधा भेटली. मी काही विचारायच्या आत तिला कळलं. प्रसादाचा द्रोण हातात धरून रडली. दोन वर्षं झाली. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं धूसर दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, आता येणार नाही. तात्यांनी घरात शपथ घातलीय. विनायकरावांनाही माहीत नाही, पट्टीची पद्धत तात्यांनीच "ओळ सरळ येते" म्हणून सुरू करवली.

"आत्या, पूजा सुटली, पत्रं सुटली, घाटावर जाणं सुटलं. अब बस एक चीज़ बची है। दवाखाना। ते राहू द्या ना."

हो म्हणवेना, नाही म्हणवेना. तिचे डोळे पुसले आणि आले. विनायकरावांवर मनात घेतलेला आळ तेवढा उतरला. त्यांनी तात्यांची सही म्हणजे होकार समजला, एवढंच. मीही तेच केलं की.

८ डिसेंबर, सोम.
दोन नर्सेसनी दुसरीकडे नोकरी धरली. आज ती मल्लाहीण पुन्हा आली होती. नाव नोंदवायला. ऑफिसने सांगितलं, नवी नावं घेत नाही. शी.सि.ने मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं आणि ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नियमाप्रमाणे तीन विश्वस्तांनी लेखी मागितलं तर खास बैठक घ्यावी लागते. माझी एक सही, मंदाताईंची एक. तिसरी मिळत नाही. अहिल्याबाई घाटाजवळच्या जोशीबुवांकडे गेले तर म्हणाले, तात्यांच्या सहीविरुद्ध मी कशी करू? मी म्हटलं, बुवा, ठराव वाचलात का? म्हणाले, तात्यांनी वाचलाय. जीभ चावून गप्प बसले. एक शब्द बोलले असते तर सही मिळाली असती.

सांगून टाकावंसं वाटतं, हा माझा स्वार्थ की दवाखान्याचा? नाही कळत. मात्र आता गप्प बसणं हीसुद्धा एक सहीच आहे, न वाचता केलेली. पाच खाटा की तात्या, कुणीतरी हे माझ्याकडून काढून घ्या.

१२ डिसेंबर, शुक्र.
ठरवलं, इतर कुणाला सांगायच्या आधी त्यांनाच सांगायचं. पाठीमागे नाही.

दाट धुकं, समोरचं घर दिसत नव्हतं. तात्या खोलीत शेगडीशी. वसुधाला बाहेर जायला सांगितलं, ती दाराशीच उभी राहिली.

म्हटलं, "तात्या, त्या दिवशी मी तुम्हाला माझा कागद दिलाच नव्हता. चुकून ह्यांच्या कमरेच्या व्यायामाचा दिला."

त्यांनी हात शेगडीवर धरले. मग म्हणाले, "दुसरा मुद्दा काय होता त्यात?"

सांगितलं. ओठ हलले. हसतील असं वाटलं, नाही हसले.

मी सगळं बोलले. सहावा ठराव कुणीच वाचलेला नाही, लिहिणारे विनायकराव सोडले तर सातांत एकानेही नाही, आणि सगळे तुमच्या नावावर ढकलतायत. मंडळात मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तुम्ही सांगा. ज्या माणसाने मला आकडे वाचायला शिकवलं त्याला हे ऐकवत होते.

तात्या म्हणाले, "वसुधा, कुंदाला कोपऱ्यापर्यंत पोचव. धुकं आहे."

बस. एवढंच. घालवून दिलं मला.

१६ डिसेंबर, मंगळ.
काही नाही. धुकं. ऊन चार दिवसांत दिसलं नाही. ह्यांची कंबर, माझा गुडघा. तात्यांकडून निरोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गल्लीवरून न जाता लांबच्या वाटेने भाजी आणली.

नोटीस तशीच आहे. कंपनीची माणसं मजला मोजून गेली म्हणे.

१९ डिसेंबर, शुक्र.
वसुधाचा फोन, बाबा बोलावतायत. धावतच गेले, गुडघ्याचं नाव विसरले.

तात्या बसलेले, इस्त्रीचा सदरा. म्हणाले, खास बैठकीच्या अर्जावर तिसरी सही माझी घे. मी कागद पुढे केला तर हात मागे घेतला. "आधी वाचून दाखव. सगळा. तारखेसकट."

वाचला. पाच ओळींचाच होता. "पुन्हा" म्हणाले. पुन्हा वाचला. मग माझं बोट सहीच्या जागी ठेवायला लावलं आणि बोटाच्या कडेने सही केली.

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलंत? म्हणाले, अगं, अध्यक्षाला दिसत नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी सत्कार करतात. शाल देतात, नारळ देतात आणि खुर्ची काढून घेतात. हसत म्हणाले, पण मला रडू आलं. त्यांना दिसलं नाही हे बरं, असं मनात आलं आणि त्याचीच लाज वाटली.

बैठक २८ तारखेला. तिथे सांगणार की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२८ डिसेंबर, रवि.
नीट लिहून ठेवते, उद्या विसरेन.

सातही जण आलेले. शांतिमंत्र झाला. वि.रां.नी वही तात्यांपुढे ठेवली, पट्टीसकट. आजचंही लिहूनच आणलं होतं. "चर्चेअंती सहावा ठराव कायम". तात्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"विनायक, वाच. नोव्हेंबरपासून. मला दोन वर्षं झाली, दिसत नाही. ज्या ज्या ठरावावर माझी सही आहे, तो मी वाचलेला नाही."

जोशीबुवांनी हातातला कप खाली ठेवला. वि.रां.चा चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता म्हणतील मला फसवलं, पण त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा वही मोठ्याने वाचली गेली. आणि मग काय! दर ओळीला कुणीतरी थांबवायचं. हे कधी ठरलं? हा करार कुणी बघितला? नऊ वर्षं? नऊ? मध्येच भाडं वाढवायचं कलम आहे का? नव्हतं. जोशीबुवा, जे कधी चिवड्याशिवाय तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, कंपनीने मध्येच सोडलं तर वरचं बांधकाम कोण काढणार? तीन तास झाले. चहा गार झाला, कुणी मागितला नाही.

माझे चार मुद्दे मी वाचले. दुसरा मवाळ केला नाही. मंडळाने चूक केली, मीही केली, मी न वाचता सही केली, असं उभं राहून म्हटलं. बसल्यावर मंदाताईंनी हात धरला.

मग मतं. इथे मतं कधी झालीच नव्हती, हात वर करायचे की चिठ्ठ्या, यावरच दहा मिनिटं गेली. हात. बंद करावा, तीन. चालू ठेवावा, तीन. वि.रां.नी बंदच्या बाजूने केला, आणि मला राग नाही आला. त्यांनी पगाराचं जे सांगितलं ते खरंच आहे.

राहिले तात्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "मी आज मत देणार नाही. मी कागद ऐकलेले नाहीत. करार, नर्सबाईचे अर्ज, तीन वर्षांचे हिशेब, सगळं मला वाचून दाखवा. दोन आठवड्यांनी बसू. तोपर्यंत ऑफिसातली नोटीस उतरवा." आणि राजीनाम्याचा कागद वि.रां.पुढे सरकवला, वसुधाच्या अक्षरातला. म्हणाले, हाही त्या दिवशीच विचारात घ्या, आत्ता नको.

वि.रां.नी वहीत आजचं आधी लिहिलेलं पान खोडलं. पहिली खाडाखोड. नवं लिहिताना तीनदा विचारलं, असंच बोललात ना तात्या?

२ जानेवारी, शुक्र.
रोज सकाळी दहा ते बारा तात्यांकडे वाचन. एक दिवस मी, एक दिवस वि.रा. हे तात्यांनीच ठरवलं, दोन्ही बाजूंनी ऐकायचं म्हणून. मी वाचताना माझ्या सोयीचं जोरात वाचते म्हणे. आज तीनदा टोकलं. "आवाज सरळ ठेव. मला गणित ऐकव, कीर्तन नको."

तिसरा अर्ज वाचला तेव्हा मात्र परत वाचायला लावला. शी.सि.ने लिहिलं होतं, महोदय, आम्ही वाट बघत आहोत. खाली तारीख. म्हणाले, यावर मी सही केली असेल ना? मी म्हटलं, मंडळापुढे तो आलाच नव्हता. म्हणाले, ते आणखी वाईट.

६ जानेवारी, मंगळ.
नोटीस उतरवली, पण गेलेल्या दोन नर्सेस परत येत नाहीत. सक्सेनाबाई येऊन खोली बघून गेल्या, नाक मुरडलं नाही. पगार एक महिन्याचा झाला, दुसरा बाकीच. वि.रा. स्वतः बँकेत बसून होते. आम्ही दोघं आता जिन्यात भेटलो की थांबतो. आज म्हणाले, कुंदाताई, मागच्या दोन खोल्यांचं भाडं पुरणार नाही, मी मांडून पाहिलं. मी म्हटलं, दाखवा. दाखवलं. पुरत नाही खरंच. थोडं कमी पडतं. दोघं पायरीवर बसून डोकं खाजवत होतो. दवाखान्याची आया म्हणाली, रास्ता छोड़िए.

९ जानेवारी, शुक्र.
माझं शेवटचं वाचन. सगळे कागद संपले. पुरत नाही हेही मीच वाचलं, लपवलं नाही, आवाज सरळ ठेवला.

निघताना न राहवून विचारलं, तात्या, काय वाटतं?

"तुझ्या बाजूने मत देईन असं धरून चालू नकोस, कुंदा."

म्हटलं, नाही धरत. खोटं बोलले. सबंध गल्लीभर तेच धरून चालत आले होते.

१० जानेवारी, शनि.
उद्या बैठक. मंदाताईंचा फोन, जोशीबुवा वळले म्हणे. कुठल्या बाजूला, ते त्यांना माहीत नाही. हे म्हणतात, नको जीव खाऊ, तिळगुळाचा पाक बिघडेल. बिघडलाच. वड्या दगड झाल्यात.

दुपारी शी.सि.चा फोन. ती मल्लाहीण सासूला घेऊन पुन्हा आलीय. सातवा संपला, दुसरीकडे जायचं तर आत्ताच नाव घालायला हवं, मग कुणी घेणार नाही. "मैडम, लिखूँ कि न लिखूँ?"

उद्या चार वाजेपर्यंत थांबायला सांगता आलं असतं. ती माणसं होडीचं काम सोडून आलेली, उद्या येतील न येतील. मला काहीही सांगायचा अधिकार नाही, एकटीला तर मुळीच नाही. जे विनायकरावांनी केलं म्हणून मी एवढा गोंधळ घातला, तेच मी करणार होते.

विचारलं, तिचं नाव काय? दीड महिन्यात पहिल्यांदा विचारलं. रेखा.

म्हटलं, लिखो.

उद्या शांतिमंत्र झाला की आधी हेच सांगणार आहे, की मी मंडळाला न विचारता एक नाव लिहायला सांगितलं. वहीत माझ्या नावासकट घ्या. मग मतं होऊ देत.